कोणते हरिण मारावे?

महाशिवरात्रीच्या रात्री आपल्या मंदिरात शिवलीलामृताचा दुसरा अध्याय वाचला जातो, हे सभासद कुटुंबांस ठाऊकच आहे. बेलाच्या झाडावर बसलेला व्याध, पाण्यावर आलेली हरिणी, तिने मागितलेला अवधी, आणि वचनाला जागून पहाटे परतलेले ते अवघे हरिणकुटुंब, ही कथा आपल्यापैकी अनेकांना मुखोद्गत असेल. प्रत्येक हरिण पुढे होऊन ‘आधी मला मार’ असे म्हणते, तेथे श्रोत्यांचे डोळे पाणावतात. आमचेही पाणावतात. लहानपणापासून वडिलांच्या पाठीशी बसून आम्ही ही कथा ऐकत आलो आहोत.

गेल्या शिवरात्रीस नांदेड जिल्ह्यातून आमचे मामा आले होते. पैनगंगेच्या खोऱ्यात त्यांची सहा एकर जमीन आहे. वाचन संपले, तीर्थ वाटून झाले, मंडळी पांगली, तेव्हा मामा वडिलांजवळ सरकून बसले आणि हलक्या आवाजात म्हणाले, “दाजी, पोथीतल्या व्याधाला बरं होतं. हरणंच पुढं येऊन म्हणाली, आधी मला मार. माझ्या हरभऱ्यात सात रोही उभे राहतात. मारायचा परवाना हातात आहे. बंदूकवाला विचारतो, ह्यातला कोणता? मी काय सांगू त्याला?”

वडील बराच वेळ गप्प राहिले आणि मग एवढेच म्हणाले, “मला सांगता यायचं नाही. पोथीत ह्याचं उत्तर मी पाहिलेलं नाही.” पुजाऱ्याच्या तोंडून हे ऐकून आम्हांस प्रथम संकोच वाटला. पुढे त्या उत्तरातील प्रामाणिकपणा ध्यानी आला. आमचे शिक्षण शाळेपुरतेच झाले आहे आणि शास्त्राधाराने निर्णय देण्याचा आमचा अधिकार नाही. तथापि ज्या प्रश्नाने आमच्या घरातील दोन वडीलधारी माणसे निरुत्तर झाली, तो सर्व सभासदांपुढे ठेवावा आणि त्याविषयी आम्हांस जे सुचले ते सांगावे, एवढ्याच हेतूने हे लिहीत आहोत.

प्रथम प्रश्न नीट समजून घेऊ. रोही म्हणजेच नीलगाय. नर निळसर करड्या रंगाचा, मादी तांबूस, शिंगे केवळ नरास. मादी सुमारे आठ महिने गर्भ वागवते आणि पुष्कळदा तिला जुळे होते. हा प्राणी दाट अरण्यापेक्षा झुडपी माळ आणि शेतांच्या कडा पसंत करतो. म्हणजे जेथे माणूस, तेथेच तो. वाघ सरले, माळ नांगराखाली गेले आणि राहिलेल्या माळावरचे रोही उभ्या पिकाकडे वळले. एका रात्रीत सात जनावरांचा कळप हरभरा खातो थोडा आणि तुडवतो अधिक. मामांनी पौषात तीन आठवडे मचाणावर रात्री काढल्या होत्या. त्यांच्या तळहातांवर थंडीने भेगा पडल्या होत्या, त्या आम्ही पाहिल्या.

आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने शिकारीचा छंद संपविला. तथापि त्याच कायद्याच्या ११ व्या कलमात काही अपवाद आहेत. उभ्या पिकाचा नाश करणाऱ्या काही प्राण्यांस मारण्याची अनुमती अधिकारी लेखी कारणे देऊन देऊ शकतात. काळवीट पहिल्या अनुसूचीत असल्याने पीक खाल्ले एवढ्या कारणावरून त्यास मारता येत नाही. रोही व रानडुक्कर यांच्याबाबतीत मात्र तशी अनुमती मिळू शकते. मामांचा परवाना असा होता. कायद्याने त्यांना मोकळीक दिली, पण निवड कशी करावी हे सांगितले नाही. ती जबाबदारी त्यांच्या मनावर येऊन पडली.

आपल्यापैकी बहुतेकांच्या ओठांवर येणारे पहिले उत्तर हे की, एकही मारू नये. हे उत्तर आम्हांस प्रिय आहे. आमच्या घरात ते पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. परंतु आमच्या मनात एक शंका येते. हे उत्तर देताना आपले काय खर्ची पडते? आपण हैदराबादेत राहतो. आपली हरभऱ्याची डाळ पिशवीतून येते. होळीच्या पुरणपोळीतील प्रत्येक दाणा कोणी तरी रात्र जागून राखलेला असतो, हे पुरण वाटताना आपल्याला आठवत नाही. महाभारताच्या वनपर्वात कौशिक नावाचा ब्राह्मण मिथिलेच्या धर्मव्याधाकडे धर्म शिकण्यास जातो. तो व्याध त्यास सांगतो की, ज्या शेतीला लोक निर्दोष मानतात, तिच्या नांगराखालीही भूमीतील असंख्य जीव मरत असतात. हिंसा करण्यास मोकळीक मिळावी म्हणून त्याने हे सांगितलेले नाही, असे आम्हांस वाटते. आपले हात स्वच्छ आहेत या समजुतीचा अहंकार त्यास मोडावयाचा होता. अहिंसा हे व्रत खरे, पण त्या व्रताचा उपवास दुसऱ्याने करावा आणि पुण्य आपण घ्यावे, हे योग्य नव्हे.

नावाचाही एक गोंधळ येथे आहे. जेथे या प्राण्यास नीलगाय म्हणतात, तेथे गोहत्येच्या भयाने लोक हात आखडतात. रोही म्हटले की तेच भय उणावते. प्राणिशास्त्रज्ञ त्यास कुरंगांत मोजतात, तरी वंशाने तो काळविटापेक्षा गोकुळालाच जवळचा आहे, असेही सांगतात. पण प्राण जाताना होणारी वेदना नावाप्रमाणे बदलत नाही. गाय म्हणून सोडणे आणि रोही म्हणून मारणे, या दोन्हींत विचाराचा भाग थोडाच आहे. परदेशांत तर याहून नवल आहे. अमेरिकेत हरिणांची संख्या आज काही कोटींच्या घरात आहे, तेथे शिकारीचा हंगाम ठरलेला असतो आणि मारण्यास ‘हार्वेस्ट’ म्हणजे पिकाची कापणी असा शब्द वापरतात. शब्द मऊ केला की हात हलका होतो. मामांनी ‘मारायचा परवाना’ असे स्पष्ट म्हटले. आम्हांस तो शब्द अधिक धर्माचा वाटतो.

आता समजा, मारणे अटळच झाले. मग निवड कोणत्या मापाने करावी? माणसाने आजवर वापरलेली मापे आम्ही मनाशी मांडून पाहिली.

पहिले माप शिंगांचे. राजेरजवाडे आणि साहेब लोक कळपातील सर्वांत भव्य नर निवडीत, कारण त्याचे मस्तक भिंतीवर शोभे. आपल्या शहराच्या अंगावर वनस्थळीपुरमजवळ जे महावीर हरिण वनस्थळी उद्यान आहे, ते एके काळी निजामाचे शिकारीचे रान होते. वाघ याच्या उलट करतो. त्याच्या तावडीत बहुधा म्हातारे, दुबळे, रोगी अथवा अजाण जनावर सापडते. त्यामुळे मागे राहणारा कळप सुदृढ राहतो. हौशी शिकारी उत्तम ते नेतो आणि निकृष्ट ते मागे ठेवतो. कॅनडातील रानमेंढ्यांच्या एका कळपात वर्षानुवर्षे मोठ्या शिंगांचे मेंढे टिपले गेले, तेव्हा पुढील पिढ्यांची शिंगे आखूड होत गेल्याचे अभ्यासकांस आढळले. या मापात गरज नाही, केवळ मिरवणे आहे. ते सर्वप्रथम टाकून द्यावे.

दुसरे माप अपराधाचे. जो शेतात शिरला तो मारावा, जो माळावर चरतो त्यास सोडावे. हे न्यायाचे वाटते. परंतु सातबाराचा उतारा रोह्यास वाचता येत नाही. त्याच्या दृष्टीने माळ आणि हरभरा यांत फरक एवढाच की हरभरा गोड आहे. जेथे जाणीव नाही तेथे अपराध नाही, आणि अपराध नाही तेथे शिक्षाही नाही. तरीही या मापात एक व्यवहार आहे. शेतास सरावलेले जनावर इतरांस वाट दाखविते, आणि ते दूर झाल्यास उपद्रव खरोखर कमी होण्याचा संभव असतो. म्हणून हे माप ठेवावे, पण त्यास शिक्षा म्हणू नये. रागाने निवडलेले आणि गरजेने निवडलेले जनावर एकच असू शकेल, परंतु निवडणारा माणूस एकच राहत नाही.

तिसरे माप मातृत्वाचे, आणि खरा पेच येथेच आहे. आपले मन सांगते, मादी सोडावी, नर मारावा. मामांच्या मनातही हेच होते. परंतु एक नर अनेक माद्यांस पुरतो. दोन नर मारले तरी पुढील वर्षी तितकीच पिल्ले जन्मास येतात, पुन्हा परवाना काढावा लागतो, पुन्हा बंदूक चालते. याच कारणास्तव अमेरिकेत संख्या घटवावयाची असेल तेथे माद्यांसाठी वेगळे परवाने देतात. म्हणजे जी दया आपल्या डोळ्यांस सुखावते, ती वर्षानुवर्षे अधिक प्राण घेते आणि शेतही राखीत नाही. उलट मादी मारावी, तर तिच्या पायाशी पाडस असू शकते. गोळी एक आणि प्राण तीन, असे होऊ शकते. मामांच्या शेतातील सात रोह्यांत एक निळा नर, चार माद्या आणि दोन लहान पिल्ले होती. ती पिल्ले कोणत्या मादीची हे मामांना रोज पाहून ठाऊक झाले होते. परक्या बंदूकवाल्यास ते ठाऊक असणे शक्य नव्हते. ज्याचे नुकसान होते त्यालाच त्या जनावरांची सर्वाधिक ओळख असते. आम्हांस ही गोष्ट त्या रात्रीपर्यंत कधी सुचली नव्हती.

या पेचात आम्हांस आदिपर्वातील पंडुराजाची कथा आठवते. मृगरूपाने पत्नीसह रममाण झालेल्या किंदम ऋषीस पंडूने बाण मारला. मरताना ऋषीने जो दोष दिला तो लक्षात घेण्यासारखा आहे. राजा मृगया करतो हा त्याचा मुख्य आक्षेप नव्हता. तो क्षण तरी तू टाळावयास हवा होतास, हा होता. म्हणजे कोणास मारले याइतकाच केव्हा मारले हाही धर्माचा प्रश्न आहे. शिवलीलामृतातील हरिणीनेही क्षमा मागितली नव्हती, अवधी मागितला होता. माजाचा काळ, गर्भाचा काळ, दुधाचा काळ टाळावा, ही आजच्या शिकारबंदीच्या हंगामामागील कल्पना आपल्या कथांना अपरिचित नव्हती.

दुसरी कथा बौद्धांच्या जातकांतील आहे. वाराणसीचा राजा रोज हरिणे मारीत असे. धावपळीत अनेक हरिणे व्यर्थ घायाळ होत, म्हणून दोन कळपांनी आपसांत पाळी ठरविली, आणि ज्याची पाळी त्याने स्वतः वधस्थानी जावे असे ठरले. एके दिवशी गर्भिणी हरिणीची पाळी आली. तिच्या कळपाचा नायक म्हणाला, पाळी बदलता येणार नाही. ती निग्रोध नावाच्या दुसऱ्या नायकाकडे गेली. त्याने तिची पाळी दुसऱ्या कोणावरही ढकलली नाही, स्वतःच वधशिळेवर मान ठेवली. राजा चकित झाला आणि त्याने सर्वांस अभय दिले. या कथेतील पाळी म्हणजे काटेकोर न्याय होय. तरीही ती अपुरी पडली. निग्रोधाने दाखविले की, दुसऱ्याचा प्राण निवडण्याचा अधिकार हवा असेल, तर त्या निवडीचा काही भार निवडणाऱ्याने स्वतःवर घेतला पाहिजे.

आजच्या व्यवहारात हाच भार कोणी घेत नाही, असे आम्हांस दिसते. २०१६ साली बिहारमधील मोकामा भागात नीलगायी मारण्यासाठी आपल्या हैदराबादेतून नेमबाज बोलावले गेले होते. काही दिवसांत मारलेल्या जनावरांचे आकडे वर्तमानपत्रांत २०० ते २५० असे आले. त्यावरून केंद्रातील दोन मंत्र्यांत जाहीर वाद झाला. एक बाजू शेतकऱ्याची, दुसरी प्राण्याची, आणि दोन्ही बाजूंनी बोलणारी बहुतेक मंडळी शहरातली. मारणारा दूरचा, हळहळणारा दूरचा. जवळचा असा एकच, शेतकरी, आणि त्यास कोणी विचारले नाही की, बाबा, तुला झोप येते का?

उलट दिशेचेही प्रयत्न झाले आहेत. मध्य प्रदेशात २०२५ साली हेलिकॉप्टरने हाकून शेकडो काळविटे पकडून दूरच्या अभयारण्यांत नेण्यात आली. आपल्या शहराजवळच्या उद्यानांत चितळांची संख्या वाढली, तेव्हा काही चितळे कवाळच्या व्याघ्र अरण्यात सोडण्यात आली. चितळ हा तेलंगणाचा राज्यपशू आहे. त्यास मारण्याचा प्रश्नच आला नाही, आणि आपण निःश्वास टाकला. परंतु विचार केला तर तेथे निवड वाघाच्या हाती दिली गेली. त्यात आम्हांस दोष दिसत नाही. वाघ भुकेपोटी निवडतो, त्यास आपल्यासारखा लोभ नाही. मात्र मामांच्या शेतात वाघ नाही आणि हेलिकॉप्टरही येणार नाही. तेथे मामाच आहेत.

या सर्व विचारांती आमच्या अल्पमतीस जे योग्य वाटते ते असे. मारण्यापूर्वी कुंपण, राखण, नुकसानभरपाई हे सर्व उपाय मनापासून करून पाहावे, केवळ परवान्याच्या अर्जात लिहिण्यापुरते नव्हे. मारल्याने उपद्रव खरोखर कमी होणार नसेल, तर एकही प्राण घेऊ नये. कारण निष्फळ हिंसेस कोणतेही समर्थन उरत नाही. मारणे अटळ असेल, तर शिंगे पाहू नयेत आणि राग धरू नये. शेतास सरावलेले जनावर घ्यावे, दुधाचा व गर्भाचा काळ टाळावा, कळप ओळखणारा माणूस बंदुकीजवळ उभा असावा, आणि नेम असा असावा की जनावर तडफडू नये. कारण दुसऱ्या गोळीची गरज पडली तर पहिली गोळी क्रूर ठरते. आणि एवढे करूनही आपण पुण्य केले असे म्हणू नये. मनास लागलेली टोचणी धुऊन टाकण्याची घाई करू नये. ती टोचणी राहिली तरच पुढील वर्षी हात विचार करून उठेल.

मामांनी काय केले, हे वाचकांस जाणून घ्यावेसे वाटेल. शिवरात्रीनंतर ते गावी परतले. परवान्याची मुदत संपत आली होती. बंदूकवाला आला तेव्हा मामांनी त्यास पिल्ले दाखविली आणि चहा पाजून परत पाठविले. मुदत संपली. त्या वर्षी हरभरा निम्माच घरात आला. पंचनामा होऊन काही भरपाई मिळाली, ती बियाणाच्या उधारीत गेली. आम्ही फोनवर त्यांची स्तुती करू लागलो, तेव्हा ते म्हणाले, “स्तुती नको रे. मला मारता आलं नाही, एवढंच. शेजाऱ्याचंही शेत त्यांनीच खाल्लं. त्याला मी काय तोंड दाखवू?” आमची जीभ तेथेच थांबली. त्यांची दया खरी होती, परंतु तिची किंमत शेजाऱ्यानेही दिली, आणि आम्ही हैदराबादेत बसून काहीच दिले नव्हते.

हे वडिलांस सांगितले तेव्हा ते म्हणाले, “त्या रात्री मी उत्तर दिलं नाही, कारण माझं काही जात नव्हतं. ज्याचं काही जात नाही त्यानं आधी वाटा उचलावा, मग धर्म सांगावा.” दुसऱ्या दिवशी त्यांनी आमच्या आईच्या व आत्याच्या जुन्या साड्यांचे गाठोडे बांधले. शेताभोवती रंगीत साड्या बांधल्या तर जनावरे काही काळ बुजतात, हा आपल्याकडील शेतकऱ्यांचा जुना तोडगा आहे. मंदिरातील काही कुटुंबांनी त्यात भर घातली, हे त्या कुटुंबांस ठाऊक आहे. एकूण ६३ साड्या गेल्या. पुढील हंगामात मामांच्या आणि त्यांच्या शेजाऱ्याच्या बांधावर त्या बांधल्या गेल्या. मामा कळवितात की, पहिला महिना रोही फिरकले नाहीत. दुसऱ्या महिन्यात त्यांना साड्यांची सवय झाली आणि एका बाजूने शिरले. आता दोन्ही शेतांस मिळून तारेचे कुंपण घालण्याचा त्यांचा विचार आहे, आणि त्याचा खर्च त्यांच्या आवाक्याबाहेर आहे.

तेव्हा हा प्रश्न सुटलेला नाही, हे आम्ही प्रांजळपणे सांगतो. मृग नक्षत्र लागले की शेतकरी पेरणीस निघतो. त्याच मृगाच्या पोटात रुतलेला बाण आणि मागे उभा व्याध आपण आकाशात पाहतो. पेरणी, हरिण आणि व्याध ही तिन्ही आपल्या पूर्वजांनी एकाच जागी ठेवली आहेत, आणि ती वेगळी करणे आपल्या हाती नाही. व्याधाच्या जागी कोणास उभे राहावे लागते आणि त्याच्यासोबत आपण किती उभे राहतो, एवढे मात्र आपल्या हाती आहे. कुंपणाच्या खर्चात आपल्या समाजाने काही वाटा उचलावा काय, याचा विचार पुढील सभेत व्हावा, अशी सर्व सभासद बंधुभगिनींस आमची नम्र विनंती आहे.